उभ्या शेपटीचा देवमासा

"मी सगळ्यात पुढं उभी राहणार!" कहकशां म्हणाली.

"राहा की! पण तोंड बंद ठेवायचं," वर्षाराणीने बजावलं. "गेल्या टायमाला जादूगाराला प्रश्न विचारलास, तर त्यानं आपल्याला तंबूबाहेर काढलं व्हतं."

"त्याच्या बाहीत कबूतर होतंच मुळी!"

"हाव, होतं. पण बाहेर आपण गेलो, कबूतर आतच राहिलं!" सुगत म्हणाला आणि तिघंही फिदीफिदी हसत सुटली.

चाकूरच्या बाजार मैदानावर भर मे महिन्यात भला मोठा तंबू उभा राहिला होता. कर्णा सारखा ओरडत होता, "या, या! जगातला सर्वात मोठा प्राणी! मसाला भरून टिकवलेला खराखुरा निळा देवमासा!"

आता हा कर्णा ऐकून कहकशां घरी बसली असती, तर सूर्य पश्चिमेला मावळायचा सोडून तिकडूनच उगवला असता. सातवी पास झालेल्या या मुलीला देवमाशांचं भलतंच वेड होतं. देवमाशांवरचं एकुलतं एक पुस्तक वाचून वाचून तिने पार खिळखिळं केलं होतं. तिचे आजोबा पाशामियाँ मोहरमचे ताबूत बांधायचे. त्यांनीच आपली खळ लावून त्याची पानं परत चिकटवून दिली होती. ती खळ निळसर दिसायची, कारण कागदाला किडे लागू नयेत म्हणून पाशामियाँ तिच्यात मोरचूद घालायचे. गावात दुसरं कुणी खळीचे इतके लाड करत नसे.

आत अंधार होता आणि वाळल्या मासळीचा वास कोंदला होता. दोरखंडापलीकडे निळ्या रंगाचं एक धूड पडलं होतं. पांढरा डगला घातलेला माणिकप्पा नावाचा माणूस छडी फिरवत होता.

"हा बघा निळा देवमासा! हे त्याचे दात! रोज दोन माणसं गिळायचा!"

बायाबापड्यांनी पोरांना जवळ ओढलं. कहकशां मात्र टक लावून बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा पडला आणि मग लाल झाला.

"अहो काका, निळ्या देवमाशाला एकही दात नसतो!"

वर्षाराणीने कपाळावर हात मारला.

"त्याच्या वरच्या जबड्याला झालर असते," कहकशांचा पट्टा सुरू झाला. "तोंडभर पाणी घ्यायचं, झालरीतून गाळून बाहेर टाकायचं आणि आत उरलेली बारीक कोळंबी खायची. दात असतात ते स्पर्म देवमाशाला. त्याचं डोकं खोक्यासारखं असतं आणि तो खोल बुडी मारून दहा हातांचे माकूळ खातो. आणि हे गालावर कल्ले कशाला काढलेत? देवमासा आपल्यासारखा हवेत श्वास घेतो! आणि शेपूट! माशाची शेपूट उभी असते. देवमाशाची आडवी! तो ती वरखाली हलवतो!"

माणिकप्पा गोड हसला. "बेटा, समुद्र बघितलास का कधी?"

"नाही."

"ऐका! समुद्र बघितला न्हाई, आणि मला देवमासा शिकवून राहिली!"

लोक खो खो हसले. कहकशां कसली गप्प बसते! "चंद्रावर तरी कोण जाऊन आलंय इथं? तरी अमावस्या कधी ते सांगताच की!"

"कहकशां, खाली बस!" पहिल्या खुर्चीवरून दयानंद सर कडाडले. ते तिच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. पहिल्या दिवशी या तंबूची फीत त्यांनीच कापली होती आणि 'हा देवमासा अस्सल आहे' असं भाषणही ठोकलं होतं. "मोठ्यांच्या मधे बोलू नये."

कहकशां खाली बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण त्या पाण्यात राग जास्त होता.

खेळ संपताना माणिकप्पाने बाटल्या बाहेर काढल्या. "देवमाशाचं तेल! गुडघे, कंबर, मणका, सगळं बरं! फक्त एकवीस दिवस दुसरी कुठलीच गोळी खायची न्हाई. खाल्ली तर तेल उलटतं."

वर्षाराणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं गं?" सुगतने विचारलं.

"हीच बाटली आमच्या आत्यानं घेतलीय. तिनं बीपीची गोळी बंद केलीय. आज चौथा दिवस!"

तिघं धावतच वर्षाराणीच्या घरी गेली. साखराबाई आत्या म्हणजे अख्ख्या शेताचा कारभार हाकणारी खणखणीत बाई. वर्षाराणीला तिनेच लहानाची मोठी केली होती. आज ती रांजणाला टेकून खाली बसली होती. हातातला तांब्या कलंडून पाणी अंगणभर झालं होतं.

"काय न्हाई गं, जरा गरगरलं," ती म्हणाली.

"आत्या, गोळी घे! दवाखान्यातली आशाताई काल किती वरडून गेली!"

"एकवीस दिवस न्हाई घ्यायची. दयानंद सर बी म्हणले, मासा खरा हाय. सर काय खोटं बोलतेत? ही गोळी खाऊन गुडघं सुटले का माझे? तेलानं जरा तरी बरं वाटून राहिलंय."

"आणि मासाच खोटा निघाला तर?" कहकशांने विचारलं.

आत्याने तिच्याकडे रोखून बघितलं. "खोटा निघाला तर आत्ताच्या आत्ता गोळी खाईन. पण मला डोळ्यानं दिसू दे. तुझ्या पुस्तकातलं नको सांगू."

बाहेर येताच कहकशां म्हणाली, "दिसू दे म्हणतात ना? दाखवू!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मैदानात कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. माणिकप्पा कूलरसमोर घोरत पडला होता. तिघं कनातीखालून सरपटत आत शिरली. देवमाशाच्या पोटाशी एक फट होती. सुगतने डोकं आत घातलं.

"अगं बया! ह्याच्या पोटात तर बांबू हाय!"

आत कामट्यांचा सांगाडा होता. त्यावर पोत्याचं कापड, कापडावर कागद आणि वरून निळा रंग. कोपऱ्यात डबे मांडले होते. सुगतचे वडील तेलाच्या घाण्यावर कामाला होते, त्यामुळे तेलाच्या बाबतीत सुगतचं नाक म्हणजे शेवटचा शब्द. त्याने एक डबा हुंगला.

"करडई! चोख करडई! वर सुक्या बोंबलाची पूड मारलीय."

"आक्... छीं!" वर्षाराणी शिंकली.

बाहेरचं घोरणं थांबलं. तिघं देवमाशाच्या पोटात घुसली आणि श्वास रोखून बसली. पावलं अगदी जवळ आली. मग माणिकप्पाचा फोन वाजला.

"हां, बोल. आज सहाचा शेवटचा खेळ. उद्या पहाटं उदगीरला निघायचं. रिकाम्या बाटल्या घेऊन ये, इथं लई खपल्या!"

पावलं लांब गेली. वर्षाराणी आणि सुगत सुटकेचा सुस्कारा टाकून बाहेर पडायला निघाले. कहकशां मात्र जागची हलेना. ती कामटीवरच्या कागदावरून बोट फिरवत होती. तिथली खळ निळसर होती.

"मोरचूद," ती पुटपुटली. "हा मासा माझ्या दादाजाननी बांधलाय."

घरी पाशामियाँ ओसरीवर कामट्या तासत बसले होते. नातीने सगळं सांगितलं, तसा त्यांच्या हातातला कोयता थांबला.

"रमजानच्या आधी एक माणूस आलता. शाळेच्या मिरवणुकीला मोठा मासा पाहिजे म्हणला. मी उभ्या जन्मात मांजरा नदीची मरळच बघितलेली. तशीच बांधली, दहापट मोठी. शेपूट उभी, गालाला कल्ले. दात त्यानं मागून सांगितले. मला काय ठाऊक, ह्यो लोकांच्या जिवाशी खेळणार म्हणून!"

कहकशांला रडू फुटलं. आता खरं बोललं तर लोक म्हणणार, पाशामियाँही त्या ठगाला सामील होता. गावातली हिंदू-मुसलमान सगळी माणसं विश्वासाने त्यांच्याकडून काम करून घ्यायची. ते नाव एका संध्याकाळात मातीत जाणार. पण रांजणाला टेकून बसलेली आत्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"दादाजान, मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही रागवलात तरी सांगणार!"

पाशामियाँनी कोयता खाली ठेवला. मग त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"सांग. पण एकटी नक्को जाऊ. मासा माझा हाय, मीबी येतो."

सहाच्या खेळाला तंबू गच्च भरला. वर्षाराणीने आत्याला हाताला धरून आणलं होतं. आत्याच्या कमरेला बाटली खोचलेली होती. दयानंद सर आजही पहिल्या खुर्चीवर होते.

"काका," कहकशां उभी राहिली. तिचा आवाज एकदम मऊ लोण्यासारखा होता. "काल माझं चुकलं. तुम्ही समुद्र बघितलाय. तर सांगा ना, हा देवमासा एका वेळी किती अंडी घालतो?"

माणिकप्पा खूश झाला. "शाब्बास! असं शिकून घ्यावं! ऐक, दहा हजार अंडी घालतो!"

"सर," कहकशां दयानंद सरांकडे वळली. "देवमासा अंडी घालतो का?"

सरांच्या कपाळावर घाम फुटला. अख्ख्या सातवीला त्यांनीच तो धडा शिकवला होता. ते चुळबुळले, उठले, आणि पहिल्यांदाच त्या धुडाकडे नीट बघायला लागले.

"नाही," ते हळू म्हणाले. "देवमासा सस्तन प्राणी आहे. पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो."

"आपल्या म्हशीवाणी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"हो. म्हशीसारखंच."

गलका उसळला. माणिकप्पा छडी आपटत ओरडला, "शांत! शांत! जात वेगळी हाय ह्याची!"

"जात मला इचारा!" पाशामियाँ दोरखंड ओलांडून पुढे गेले. "ह्याची हाडं किनवटच्या बांबूची हायेत. ह्याला खळ मी लावली. मला मिरवणुकीचं कारण सांगून ह्यानं बांधून घेतला. माझी चूक येवढीच, की नेतो कुठं ते मी इचारलं न्हाई."

त्यांनी शेपटीची सुतळी सोडली. शेपूट धाडकन खाली आली आणि आतल्या कामट्या उघड्या पडल्या. पाशामियाँनी नातीला विचारलं, "कशी असते म्हणलीस? आडवी?" आणि ती आडवी धरून दाखवली. तंबू हसून हसून दणाणला.

पण माणिकप्पा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने हात जोडले. "बरं बाबांनो, मासा बनवलेला हाय! दाखवायला बनवावाच लागतो. पण तेल? तेल अस्सल देवमाशाचं! माझ्या आईची शपथ!"

हसणं थांबलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. आत्याचा हात कमरेच्या बाटलीवर घट्ट बसला होता. वर्षाराणी रडवेली झाली. "कहकशां, आता गं?"

कहकशांने सुगतकडे बघितलं. सुगतने वडिलांचा मोबाइल खिशातून काढला.

"एकदम अस्सल?" कहकशांने विचारलं.

"शंभर टक्के!"

"मग सुगत, वनखात्याला फोन लाव. वाघाला कायद्याचं जितकं संरक्षण आहे, तितकंच देवमाशाला आहे. त्याचं तेल, हाड, काहीही विकलं की सरळ तुरुंग! काका, तुमच्याकडे डबे किती आहेत? एका डब्याला किती वर्षं पडतात, ते साहेबच सांगतील!"

"लावला बघा! वाजून राहिला!" सुगत ओरडला.

माणिकप्पाचा चेहरा कागदासारखा झाला. "ए पोरा! थांब! ठेव तो फोन! देवमाशाचं न्हाई रे ते! करडईचं हाय! करडई आणि बोंबील! आईच्यान!"

त्याची ही शपथ मात्र सगळ्यांना पटली! तो कनातीकडे पळाला, पण तिथे आधीच चार दांडगे गडी उभे होते. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि पोलिसांना बोलावणं धाडलं.

आत्या सावकाश उठली. तिने बाटली माणिकप्पाच्या पायापाशी ठेवली. मग पदराची गाठ सोडली. गाठीत गोळ्यांची पट्टी होती.

"पाणी आण गं," ती वर्षाराणीला म्हणाली. सगळ्यांसमोर तिने गोळी गिळली आणि कहकशांचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. "लई भांडलीस पोरी. माझ्यासाठी भांडलीस!"

गर्दीतून पुढं आलेल्या आशाताईने तिथल्या तिथे आत्याचं बीपी मोजलं आणि लगेच दवाखान्यात न्यायला गाडी सांगितली. पाशामियाँकडे कुणी वाकड्या नजरेने बघितलं नाही. उलट दोन म्हातारे त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. "नात तुमच्यावर गेली, पाशामियाँ," त्यातला एक म्हणाला.

दयानंद सर कर्ण्याच्या माइककडे निघाले होते. "मी सगळ्यांना जाहीर सांगतो, गोळ्या सुरू करा म्हणून."

"कर्ण्यावरून नको, सर!" कहकशां आडवी आली. "घरी खाटेवर पडलेल्यांनीसुद्धा तेल घेतलंय. त्यांना कसं ऐकू जाईल? तुमच्या शब्दावर घेतलंय त्यांनी. घरोघरी जायचं."

सर थबकले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुण्या पोरीने असं सुनावलं नव्हतं. मग त्यांनी माइक खाली ठेवला.

"चल. कुठलं घर आधी?"

वर्षाराणी आत्यासोबत दवाखान्याला गेली. कहकशां, सुगत आणि सर त्या संध्याकाळी गल्लोगल्ली फिरले. पहिल्या दारात सरांचा आवाज जेमतेम निघाला, "माझं चुकलं, न बघताच बोललो. तुमची गोळी आजच सुरू करा." तिसऱ्या दारात तो जरा मोकळा झाला. सातव्या दारात एका आजोबांनी खाटेवरून मान उचलून विचारलं, "सर, ही सोबत कोण पोरगी?"

"ही आमची कहकशां," सर म्हणाले. "ह्या वर्षी हिनं मला विज्ञान शिकवलं."