बारावी बादली

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही. आधीच सांगून ठेवतो.

माझ्या थापांचा लौकिक भांडगावापासून दौंडापर्यंत आहे. मी 'पाऊस आला' म्हणालो, तर लोक वाळवण बाहेर टाकतात.

पण ही खरी आहे. साक्षीदार समोरच होती. कुशाबाई. तिच्याच ओसरीवर आम्ही बसलो होतो आणि ती शेंगा फोडत होती. मी म्हणालो, "कुशाबाई, माझं एक अक्षर चुकलं तर तिथंच टोक."

ती शेंगा फोडत राहिली.

विषय काढला शंभूनं. शंभू तिचा नवा भाडेकरू. हायवेच्या बाजूच्या खोलीत त्यानं नुकतंच पंक्चरचं दुकान टाकलं होतं.

"आबा, ह्या मावशी रोज बाराला मला शटर पाडाया लावत्यात. म्हणत्यात, तासभर हिकडं फिरकू नको. ऐन धंद्याचा टाइम! कारण इचारलं तर बोलत न्हाईत."

"कारण मी सांगतो. पर मधी उठायचं न्हाई."

आता तुम्हीही ऐका.

साल दोन हजार सहा. भादवा. पितरांचा पंधरवडा.

जागा हीच.

आणि वेळ… दुपारी बाराची.

रात्रीची भुतं कुणीही सांगतं. अंधारात म्हैससुद्धा हडळ दिसते. पण भर उन्हात, आपली सावली आपल्याच पायाखाली गेलेली असताना जे दिसतं, त्याला काय म्हणायचं?

तेव्हा इथं मल्हारीची पागा होती. मल्हारी म्हणजे कुशाबाईचा नवरा. मागल्या साली गेला बिचारा, पुण्याच्या दवाखान्यात. ही अजून एस्टीत होती आणि तिकडं त्याचा जीव गेला. तोंडात पाणी घालायलाही जवळ कुणी नव्हतं.

मल्हारीच्या आजानं मेंढरांमागं तट्टं हाकली. मल्हारीनं मेंढरं सोडली आणि घोडी धरली. लोकांची घोडी सांभाळायचा. वरातीचे पांढरे घोडे, पुण्याच्या शेठ लोकांची हौसेची जनावरं. दाणापाणी, खरारा, सगळं हाच बघायचा.

त्यात त्याची स्वतःची एकच. पाखरी.

लाल घोडी, कपाळावर चांदणी. तिला जन्म देतानाच आई मेली, म्हणून कुशाबाईनं शिंगराला शेळीच्या दुधावर जगवलं. एका लाल बादलीतून. पुढं ही घोडी अशी निघाली की केंदूरच्या यात्रेत शर्यतीच्या बैलगाड्यापुढं पळताना तिची सावली मागं राहायची. सावली बिचारी संध्याकाळी एकटीच चालत घरी यायची.

"झालं का सुरू तुमचं?" शंभू म्हणाला.

"बरं, सावली सोड. लाल बादली ध्यानात ठेव."

कारण मोठी झाली तरी पाखरी दुसऱ्या कशातलं पाणी प्यायची नाही. बाकीची अकरा घोडी अंगणातल्या सिमेंटच्या हौदावर, एका रांगेत. आणि पाखरी एकटी, सासुरवाशिणीच्या माहेरपणासारखी, आपल्या लाल बादलीत.

त्या पावसाळ्यात वरातीचा एक घोडा बाहेरगावाहून परत आला. नाक वाहत होतं.

मल्हारीला वाटलं, सर्दी. त्यानं ओव्याची धुरी दिली. गूळ-हळद चारली. आणि रोजच्यासारखा हौदावर सोडला. सगळ्यांबरोबर.

तिथंच घात झाला.

दुसऱ्याचं नाक वाहायला लागलं. मग तिसऱ्याचं. चिकट, पिवळं. कुणाच्या पायावर गाठी उठल्या आणि फुटल्या. दौंडहून सरकारी डॉक्टर आल्या, सीमा मॅडम. रक्त घेऊन गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा तोंडाला मास्क होता.

"मामा, ग्लँडर्स रोग आहे. माणसालाही होतो हा. अकराच्या अकरा झोपवावी लागतील."

मल्हारीनं लाल बादलीकडं बघितलं.

"आन् पाखरी?"

"तिचं रक्त साफ आलंय. आज तरी. काही आठवड्यांनी परत तपासणार. तोवर तिचं सगळं वेगळं. जागा वेगळी, चारा वेगळा, हातसुद्धा वेगळे. परत साफ आली तर ती तुमची. नाही आली…"

मॅडमनी बॅग उचलली.

जाताना बजावून गेल्या. हौद आजपासून बंद. उद्या आम्ही येईपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र बादलीत पाणी द्या.

मल्हारीनं हौद उपसला. ब्लिचिंग टाकून घासला. आणि रिकाम्या हौदाच्या काठावर बसून राहिला. उद्या मरणाऱ्या जनावरांसाठी आज बाजारातून बादल्या आणायच्या… त्याच्या पायात तेवढं बळच उरलं नव्हतं.

घोडी कोरड्या हौदावर खूर आपटत राहिली.

सकाळी कुशाबाई तांब्या घेऊन निघाली.

"अवं, मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालत्यात. एवढं तरी करू द्या."

"तुझ्याच हातानं पाखरी खाती! त्यांची लाळ तुझ्या हाताला लागली तर? पाऊल टाकू नको तिकडं. शपथ हाय तुला."

तिनं तांब्या खाली ठेवला.

जेसीबी आला. त्या लिंबाखाली खड्डा झाला. बाराच्या सुमाराला शेवटचं घोडं आडवं झालं. वर चुना पडला, माती पडली.

अकराही जनावरं तहानलेली गेली.

पाखरीला मल्हारीनं ओसरीवर आणली. ह्याच ओसरीवर. "शंभू, तू बसलायस ना, तिथंच तिचा खुंटा होता."

शंभू जरा सरकून बसला.

मल्हारी तिच्याजवळच झोपायचा. डेटॉल लावून लावून हाताची सालं निघाली. लेकराला ताप आल्यावर आई कपाळ चाचपते, तसा तो दिवसातून दहादा तिचं नाक चाचपायचा. कोरडं असलं की श्वास सोडायचा.

गणपती गेले. पितर लागले.

पहिलीच दुपार. तो पाखरीला खरारा करत होता. पागेत जनावर नाही. वारा नाही. लिंबाचं पान हलत नव्हतं.

आणि…

घट्… घट्… घट्…

मल्हारीचा हात थांबला.

घोडं पाणी पिताना फार आवाज करत नाही. ओठ बुडवतं आणि ओढतं. घोट गळ्यातून उतरतो, तेवढाच ऐकू येतो. जन्म घोड्यांत गेलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही.

आणि हा एकाचा नव्हता… रांगेचा होता.

तो उठून हौदापाशी गेला. आवाज थांबला. हौद ठणठणीत कोरडा.

फक्त काठावर… ओठांचे ओले ठसे. एका ओळीत. त्याच्या डोळ्यांदेखत उन्हानं वाळून गेले.

मागं पाखरी खिंकाळली.

आणि लिंबाखालून… मातीच्या आतून… तिला उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी मल्हारीनं हौदात दगड भरले. काठोकाठ. बाराला पुन्हा तोच आवाज. जाऊन बघतो तर… दगड ओले. आणि त्यावर चिकट, पिवळी तार.

त्या दिवसापासून पाखरीनं लाल बादलीला तोंड लावलं नाही.

ओसरीवरून हौदाकडं बघत उभी राहायची. दाणा तसाच. पोट आत गेलं, फासळ्या दिसायला लागल्या. घोडं कळपाचं जनावर. एकटं राहत नाही. आणि तिचा कळप तिला रोज बाराला हाक मारत होता.

"त्यास्नी पाणी पायजे," कुशाबाई म्हणाली. "पितर म्हणून आल्यात ती. हौद भरा."

"हौद भरला तर ही दावं तोडून तिथं जाईल. त्यांच्या उष्ट्यात तोंड घालंल."

"मेलेल्याचा रोग लागतुया व्हय?"

हे मल्हारीलाही माहीत नव्हतं. तो एसटीडीवर गेला आणि मॅडमना फोन लावला.

"म्याडम, मेलेल्या घोड्याच्या उष्ट्या पाण्यातनं रोग लागतो का?"

"लागू शकतो, मामा. जंतू पाण्यात टिकतात. घोडीला अजिबात जवळ जाऊ देऊ नका."

मल्हारीनं रिसीव्हर ठेवला. आता तो हौद भरूही शकत नव्हता आणि कोरडा ठेवूही शकत नव्हता. इकडं आड, तिकडं खड्डा. तोही अकरा घोड्यांचा.

मग त्याला मॅडमचंच बोलणं आठवलं. प्रत्येकाला स्वतंत्र बादली.

जितेपणी नाही दिली. आता देतो.

केडगावच्या बाजारातून त्यानं अकरा बादल्या आणल्या. सगळ्या निळ्या. लिंबाखाली, खड्ड्याच्या कडेनं रांगेत मांडल्या. काठोकाठ भरल्या. आणि ओसरीवर पाखरीचं दावं हाताला गुंडाळून बसला.

बारा वाजले.

पहिल्या बादलीतलं पाणी… थरथरलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

घट्… घट्…

पाणी खाली जात होतं. बादलीपाशी कुणी नव्हतं. माशीसुद्धा नव्हती.

बादल्या रिकाम्या झाल्या. कुणीतरी समाधानानं फुरफुरलं. आणि इकडं पाखरीनं मान वळवून… लाल बादलीत तोंड घातलं.

मल्हारी दाव्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

"म्हंजी भुतांनाबी रोगाचे नियम लावले?" शंभूला हसू आवरेना. "वेगळी बादली, वेगळी रांग!"

"हसू नको. पुढं दहा दिवस तेच चाललं. पाखरी खायला लागली. अंगावर तकाकी आली."

मग आली सर्वपित्री अमावस्या.

त्या काळातलं भारनियमन आठवा. सकाळीच लाइट गेली. बोअर बंद. टाकीत खडखडाट. मॅडम दुसऱ्या दिवशी रक्त घ्यायला येणार होत्या. म्हणजे फक्त हा एक दिवस निभवायचा होता.

मल्हारी आणि कुशाबाई, दोघंही कॅन घेऊन कालव्यावर गेली. पाखरीला दुहेरी दाव्यानं बांधली. लुना दोनदा बंद पडली. मल्हारी आभाळाकडं बघत होता. सूर्य वर वर सरकत होता.

शेवटी कॅन खांद्यावर घेऊन तो पळत सुटला. पाणी हिंदकळून अंगावर सांडत होतं. पळता पळता खाली बघितलं…

सावली पायाखाली गेली होती.

ओसरीवर पाखरी नव्हती.

दावं तुटलेलं नव्हतं. गाठ… अलगद सोडलेली.

ती हौदावर उभी होती. हौदातले दगड एका बाजूला पडले होते. लाइट नाही, बोअर बंद, आणि हौद… काठोकाठ भरलेला.

पाखरी रांगेच्या मधोमध उभी राहावी तशी अंग चोरून उभी होती. दोन्ही बाजूंनी कुणीतरी रेटत असल्यासारखी. जमिनीवर तिच्या पायाशी तिची सावली होती.

आणि तिच्या आजूबाजूला… आणखी सावल्या.

मल्हारीनं मोजल्या नाहीत. मोजायची गरज नव्हती.

"पाखरे!"

तिनं मान वर केली. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. हौदात बघितलं तर… थेंब नाही. कोरडा. पांढरा.

कुशाबाई मागून पोचली तेव्हा मल्हारी दोन्ही हातांनी घोडीचं तोंड पुसत होता. धोतरानं, मातीनं, कशानंही. आणि एकच म्हणत होता, "न्हाई प्याली. कुशे, ही न्हाई प्याली."

एवढं बोलून मी थांबलो.

शेंगा फुटायचा आवाजही थांबला होता.

"मग?" शंभू पुढं सरकला. "घोडीचं काय झालं?"

"काय होणार? मॅडमनी रक्त नेलं. चार दिवसांनी जीपमधून उतरल्या त्याच हसत. मामा, पाखरी साफ! मल्हारीनं भंडारा उधळला. पुढच्या साली केंदूरला पाखरी अशी पळाली, अशी पळाली, की मागचे बैल…"

"आबा."

कुशाबाईचा आवाज मोठा नव्हता.

"खोटं का सांगताय? पाखरी वाचली न्हाई."

ही गोष्ट मी गावोगाव सांगितली, पण घोडी कधी मारली नव्हती.

शंभू एकदा माझ्याकडं बघतो, एकदा तिच्याकडं. "म्हंजी सगळीच थाप?"

"न्हाई. तेवढंच खोटं." तिनं पदरातली टरफलं झटकली. "रक्तात रोग निघाला. म्याडमबी रडल्या. पर त्या बारीला ह्येंनी लाल बादली धरली तिच्या तोंडाला. सोताच्या हातानं. म्हणाले, आता कुनाला काय लागायचं ऱ्हायलंय? पोटभर प्याली. मग झोपवली. तिथंच, लिंबाखाली."

ती उठली. कोपऱ्यात बादल्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. निळ्या. सगळ्यात वर एक लाल.

"अजून भरता?" शंभूनं विचारलं.

"रोज. बारा भरते. निळ्या रिकाम्या व्हत्यात. लाल बादलीला घोडं तोंड लावत न्हाई. पाखरी तहानलेली गेलीच न्हाई."

"मग ती कशाला भरता, मावशी?"

तिनं बादल्यांची कडी धरली. लिंबाकडं बघितलं.

"मागल्या सालापस्नं… तिच्यातलं तांब्याभर कमी व्हतंय."

शंभूनं घड्याळ बघितलं. मग उठला आणि त्यानं शटर पाडलं.