उत्तरेच्या भिंतीबाहेर

मोठा दिवा मालव, यांका. शेगडीपाशी सरका दोघं. आणि टिल, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. तू पडलास बर्लिनचा. आमच्या लाउझिट्झमधलं नोव्हेंबरचं धुकं तुला कुठलं ठाऊक! हातातली काठी दिसते, पण काठीचं टोक दिसत नाही.

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. ज्याच्यावर गुदरलं, तो माझ्या औषधांच्या दुकानात स्टुलावर बसून लटलट कापत होता. मी त्याला कॅमोमाइलचा चहा पाजला, तर अर्धा कप बशीत सांडला.

एकेहार्ड ट्रॉइट्लर. यांका, तू त्याला लहानपणी पाहिलंयस. उंच, वाकलेला, कानांतून केस आलेले. पाद्र्याचा धाकटा मुलगा. त्या वेळच्या कम्युनिस्ट राज्यात पाद्र्याच्या पोरांना सरकारी कॉलेजची दारं बंद असायची. मग हा चर्चच्याच शाळेत धर्मशास्त्र शिकला. पण प्रवचनाला उभा राहिला की याची दातखीळ बसायची. शेवटी वरिष्ठांनी कंटाळून त्याला चर्चच्या दफ्तरखान्यात टाकलं, आणि गडी तिथं असा रमला की चाळीस वर्षं बाहेर आला नाही.

बाहेर आला नाही म्हणजे काय, उलट सगळा मुलूख पालथा घातला. साइडकारची मोटरसायकल घेऊन गावोगावच्या पाद्र्यांच्या माळ्यावर चढायचा. कुठं जुन्या बाडांत उंदरांनी संसार थाटलेला, कुठं पाद्रीणबाई शेगडी पेटवायला जुनी पानं फाडतायत. जन्म, लग्न, दफन यांच्या त्या नोंदी. हा बाडं साइडकारमध्ये घालायचा, वर स्वतःचा कोट पांघरायचा आणि पावसात भिजत यायचा. बाळंतिणीला आणावं तसं आणायचा.

त्याचा जाडजूड ग्रंथ होता सुईणींवर. बाळ जन्मलं आणि जगेलसं दिसलं नाही, तर पाद्र्याची वाट न बघता सुईण स्वतःच पाणी शिंपडून त्याचा बाप्तिस्मा करायची. त्या चालीचा इतिहास. त्यावर त्याला डॉक्टरेट मिळाली. परदेशातली माणसं त्याला शोधत यायची. लग्न केलं नाही. दर गुरुवारी माझ्याकडं पत्ते खेळायला यायचा. जेवण ठरलेलं: उकडलेले बटाटे, क्वार्क म्हणजे आपला चक्का, वरून जवसाचं तेल.

त्याचं एक पालुपद होतं. "कितो, कागदावर नाही ते घडलं नाही."

मी म्हणायचो, "मग तुझ्या पहिल्या प्रेमाचा कागद दाखव."

"म्हणून तर ते घडलं नाही!" म्हणायचा आणि हुकमाचं पान आपटायचा.

असा माणूस. भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे.

आता ड्रोवित्झचं ऐका. ते गाव तुम्ही पाहिलेलं नाही, कारण ते नाहीच. ऐंशीच्या दशकात कोळशाच्या खाणीनं गिळलं. आधी माणसं हलवली, मग घरं पाडली, चर्चला सुरुंग लावला. नंतर खाण बंद पडली आणि त्या खड्ड्यात पाणी सोडलं. उन्हाळ्यात तुम्ही जिथं पोहायला जाता ना, ते तळं.

चर्च पाडायच्या आधी तिथली थडगी हलवायची होती. कोण कुठं पुरलंय ते सांगायला एकेहार्डला बोलावलं. त्यानं दफनाच्या नोंदी उघडल्या, आणि एकेक थडगं जुळवून दिलं. चोख काम.

तेवढ्यात गावची सुईण आली. हानुशामावशी म्हणत तिला. पाठीचं धनुष्य झालेलं, डोक्याला काळा रुमाल.

म्हणाली, "डॉक्टर, उत्तरेच्या भिंतीबाहेरही आहेत."

"कोण आहेत?"

"आमची बाळं. ज्यांच्यापाशी मी वेळेवर पोचले नाही, माझी आई पोचली नाही, तिची आई पोचली नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून त्यांना आत जागा मिळाली नाही. रात्री बाप खोका घेऊन यायचा आणि भिंतीबाहेर पुरायचा."

यानं पानं चाळली. "मावशी, इथं तसं काही लिहिलेलं नाही."

"नावच नाही, तर लिहिणार काय?"

खाणीचा इंजिनिअर घड्याळ बघत उभा. त्यानं विचारलं, "मग, डॉक्टर? भिंतीबाहेर कुणी आहे का?"

एकेहार्ड म्हणाला, "नोंद नाही."

झालं. भिंतीच्या आतली माणसं नव्या दफनभूमीत गेली. भिंतीबाहेर यंत्र फिरलं. हानुशामावशीला शहरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. त्याच हिवाळ्यात ती गेली.

त्याला आता सत्तावीस वर्षं उलटली होती.

दोन हजार अकरा साल. एकोणीस नोव्हेंबर, शनिवार. दुसऱ्या दिवशी मृतांचा रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि दर नावाला एक मेणबत्ती लावतात. तळ्यापलीकडच्या चर्चला मेणबत्त्या कमी पडल्या. तिथल्या पाद्रीणबाईंचा फोन आला, आणि एकेहार्ड म्हणाला, मी आणून देतो. तेव्हा तो निवृत्त झाला होता. अशी कामं आवडीनं करायचा. खोकं गाडीत टाकलं, गेला. बाईंनी वाटाण्याचं सूप वाढलं. गप्पा झाल्या. निघाला तेव्हा दहा वाजून गेले होते. बाई म्हणाल्या, "धुकं वाढलंय, इथंच झोपा की." हा म्हणाला, "अहो, या रस्त्यावर माझी मोटरसायकल झोपेतसुद्धा चालायची."

तळ्याच्या कडेनं रस्ता आहे. एका ठिकाणी ड्रोवित्झचा जुना रस्ता फुटतो. तिथं आडवा बांबू आहे, लाल पाटी आहे. पुढं शे-दोनशे पावलं डांबर, आणि मग सरळ पाणी.

त्या फाट्याच्या अलीकडं त्याला बाई दिसली.

रस्त्याच्या कडेला उभी. काळा रुमाल. हातात पांढरं गाठोडं.

त्याला वाटलं, वृद्धाश्रमातून कुणी म्हातारी वाट चुकली. थांबला. काच खाली केली.

"आजीबाई, इतक्या थंडीत? कुठं जायचंय?"

"चर्चमध्ये. बाप्तिस्म्याला उशीर झालाय."

डोकं फिरलंय बिचारीचं, असं त्याला वाटलं. घ्यावी गाडीत, पोलिसांना फोन करावा. दार उघडलं. ती शेजारच्या सीटवर बसली. गाठोडं मांडीवर. गाडीत ओल्या चिकणमातीचा वास भरला.

"कुठलं चर्च?"

"सरळ."

"गाठोड्यात काय आहे, आजीबाई?"

ती बोलली नाही. आमच्याकडं जुनी रीत होती. बाप्तिस्म्याला बाळ नेताना वाटेत बोलायचं नाही. मागं वळून बघायचं नाही. एकेहार्डनं हे स्वतः ग्रंथात लिहिलं होतं. त्या क्षणी ते पान त्याला आठवलं, आणि मानेवर काटा आला.

गाडी सरळ चालली होती. फाटा आता यायला हवा होता. बांबू यायला हवा होता. आला नाही.

टायरचा आवाज बदलला. डांबराचा घरघर आवाज गेला... दगडी फरसबंदीचा खडखडाट सुरू झाला.

धुक्यात दोन्ही बाजूंना झाडं दिसू लागली. लिंडनची, जुनी, जाड. त्या रस्त्याला झाडं नाहीत, टिल. सत्तावीस वर्षांत एक झाड नाही.

त्यानं ब्रेकवर पाय दिला. पाय खाली गेला. गाडी चालतच राहिली.

"डॉक्टर," बाई म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, कुणी नाही म्हणून."

तो आवाज त्यानं ओळखला.

त्याला मान वळवता येईना. समोरच बघत राहिला. दिव्यांच्या उजेडात भिंत आली. चर्चची. उत्तरेची. तिच्यावरचं शेवाळ दिसत होतं. गाडी तिच्यापाशी आपोआप थांबली... इंजिन बंद पडलं.

शांत.

मग पायांना गार लागलं. दाराखालून पाणी येत होतं. घोट्यापर्यंत आलं.

"नाव द्या," ती म्हणाली.

"मावशी... मी पाद्री नाही."

"पाणी आणि माणूस, एवढंच लागतं. तुम्हीच लिहिलंत."

गाठोडं हललं.

बाहेर, भिंतीपलीकडून, आवाज आला. आधी त्याला वाटलं, मांजर आहे. मग दुसरा आला. तिसरा. धुक्यात सगळीकडून. बारीक, केविलवाणे. तान्ह्या बाळांचं रडणं... किती, ते त्याला सांगता येईना. माझ्यासमोर बसून दोन्ही कानांवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "कितो, किती होती रे! किती होती!"

पाणी गुडघ्याला लागलं.

त्यानं ओंजळ भरली. कापडाच्या घडीत काय होतं ते त्यानं पाहिलं. मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

"पित्याच्या... पुत्राच्या... पवित्र आत्म्याच्या नावानं..."

"नाव, डॉक्टर."

आयुष्यभर हजारो नावं वाचलेला माणूस. एक आठवेना. एकसुद्धा. जिभेवर आलं ते स्वतःचंच.

"एकेहार्ड."

काहीतरी त्याच्या बोटाला बिलगलं. बर्फासारखं गार. इवलीशी मूठ. घट्ट...

सगळी रडणी एकदम थांबली.

त्यानं डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडी तळ्याच्या काठावर होती. पुढची चाकं पाण्यात. मागं बांबू जसाच्या तसा आडवा. शेजारची सीट रिकामी. दार आतून बंद.

त्या रात्री गावात दुकान उघडं ठेवायची पाळी माझी होती. रात्रीची घंटा वाजली. मला वाटलं, कुणाचं पोर तापलं असेल. खिडकी उघडली तर हा, पायी आलेला. गुडघ्यापर्यंत ओला, ओठ निळे. उजव्या हाताचं बोट पुढं धरलं.

"कितो, यावर काही आहे का तुझ्याकडं?"

बोटाभोवती निळसर वळ होते. बारीक बारीक, एकाशेजारी एक. मी मलम लावलं. दुसरं काय करणार? मग टॉर्च घेऊन तळ्याकाठी गाडी बघायला गेलो. ड्रायव्हरच्या पायांशी पाणी होतं, ते समजू शकतो. पण शेजारची सीट दाबली तर स्पंजसारखं पाणी आलं. वर चिकणमाती. राखाडी. इथली माती पिवळी आहे, वाळूची. राखाडी माती खाणीत पार तळाला लागायची.

मी म्हटलं, "एकेहार्ड, धुक्यात वाट चुकलास, पाण्यात शिरलास, घाबरलास. होतं असं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. पालुपद म्हणेल असं मला वाटलं. पण ते काही तो म्हणाला नाही.

सकाळी आमच्या गावच्या चर्चमध्ये नावं वाचून संपली. पाद्री पुस्तक मिटणार, तोच हा उठला. प्रवचनाला ज्याची दातखीळ बसायची तो माणूस, भरल्या चर्चमध्ये खणखणीत आवाजात म्हणाला, "आणखी एक. एकेहार्ड. ड्रोवित्झचा."

जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत! बायकांनी रुमालात तोंडं लपवली. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "म्हाताऱ्याला बाधलं." यानं शांतपणे जाऊन मेणबत्ती लावली.

पुढची दोन वर्षं तो दगडाच्या मागं लागला. तळ्याकाठी एक दगड बसवायचा, भिंतीबाहेरच्यांसाठी. कचेऱ्यांत विचारायचे, "पुरावा?" हा म्हणायचा, "मी." लोक हसायचे. पण बसवला त्यानं दगड. दर शनिवारी गाडी घेऊन तिथं जायचा. एकटा. कुणी सोबत येतो म्हटलं तर म्हणायचा, "जागा नाही."

चौदा सालच्या मार्चमध्ये झोपेतच गेला. चेहरा शांत होता. ग्रंथ विद्यापीठाला गेले, गाडी माझ्या नावावर केली होती. होय, तीच. खाली उभी आहे ती.

चार वर्षं मी ती बिनघोर चालवली. सीट बदलली होती, वास गेला होता. मग मागच्या सप्टेंबरात, तळ्याजवळून येताना, समोर लाल दिवा लागला. टिंग टिंग आवाज. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावला नाही म्हणून लागतो ना, तो दिवा.

शेजारी कुणीच नव्हतं.

गॅरेजमध्ये नेली. पोरानं सीट खोलली, जोडण्या तपासल्या, नवा भाग टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो डोकं खाजवत म्हणाला, "काका, बिघाड सापडत नाही. या सीटवर वीसेक किलो भार पडल्याशिवाय हा दिवा लागतच नाही. तान्हं बाळ ठेवलंत तरी लागायचा नाही."

मी विचारलं, "वीस किलो म्हणजे केवढं रे?"

"माझी पोरगी आहे ना, सातवं लागलंय, यंदा शाळेत घातली. तेवढं."

...

आता मी हात लांबवून त्या रिकाम्या सीटचा पट्टा लावतो. आवाज थांबतो.

उठा. धुकं उतरायला लागलंय, तुमची शेवटची गाडी चुकेल. स्टेशनवर सोडतो. टिल, तू पुढं नको. दोघंही मागंच बसा.