सिनेमातली साडी

सिनेमावाल्यांना मतदान केंद्र दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी कोळगुंदीची आमची शाळा घेतली. मी वर्गात शिरले तर एक उंच तरुण माझ्या फळ्यावर उमेदवारांची नावं लिहीत होता. दोन चुकीची. मी डस्टर फिरवलं.

"टीचर, पुसू नका... शॉट आहे!"

"मग शुद्ध लिहा. मुलं वाचतात."

तो निंगराज. धारवाडचा, सहायक दिग्दर्शक. मग रोज गिरमिटाचा, त्यांच्याकडच्या मसाला चुरमुऱ्यांचा, पुडा घेऊन तो कसला ना कसला शब्द विचारायला येऊ लागला. शब्द त्याला येत होते, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. तरी मी सांगत राहिले.

सिनेमात पुढारी साड्या वाटून मतं घेतो आणि एक बाई साडी परत करते. त्या बाईचं काम करणारी नटी आजारी पडली.

"तुम्ही कराल?" निंगराजनं विचारलं. "एकच वाक्य आहे."

मी उभी राहिले. समोर गर्दीत माझे अप्पा होते — पंचायतीचे अध्यक्ष. गेल्या निवडणुकीत त्यांनी घरोघर कुकर वाटले होते. वाटपाची यादी माझ्याच अक्षरात होती.

"साडी परत घ्या," मी म्हटलं, आणि पुढचं आपोआप आलं, "मागच्या खेपेला कुकर घेतला... पाच वर्षं झाली, गटार अजून उघडंच आहे."

बायका हसल्या. मग त्यांच्या नजरा अप्पांकडे वळल्या.

अप्पांनी दिग्दर्शकाला बजावलं, "हे ठेवलंत तर उद्या गाव सोडा." दिग्दर्शक काढायला तयार झाला. निंगराज अडून बसला, "मग माझंही नाव काढा."

घरी मी अप्पांना म्हटलं, "यादी मी लिहिली होती. लाज मलाही वाटते."

ते भाकरी मोडत राहिले. "गर्दीत बोलायची काय गरज होती?"

"घरात तुम्ही ऐकलं असतं?"

सकाळी शूटिंग कुणी अडवलं नाही. वाक्य राहिलं. आठवडाभर अप्पा माझ्याआधीच जेवून उठत. मग एके दिवशी गटाराचं माप घ्यायला माणसं आली.

युनिट निघालं तेव्हा निंगराज फाटकाशी थांबला. "रविवारी आई येईल... तुमच्या अप्पांना विचारायला."

"अप्पांना नंतर. आधी मला विचारा."

त्याचे कान लाल झाले. त्यानं विचारलं.

बसचा ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता, म्हणून मला 'हो' दोनदा म्हणावं लागलं.