दुपारचं रक्त

ताईचा पाय महिनाभर सुजत होता, म्हणून एका दुपारी ती डबा द्यायला आली तेव्हा मी तिच्या बोटाचं थेंबभर रक्त घेतलं. एवढंच काम होतं.

हत्तीरोगाच्या जंतांसाठी रक्त खरं तर रात्री घ्यायचं असतं. त्यांची सुतापेक्षा बारीक पिल्लं दिवसभर फुप्फुसात दडून बसतात आणि माणूस झोपला की कातडीजवळ येतात. त्यांना घड्याळ कळत नाही, झोप कळते. रात्रपाळीवाल्याच्या रक्तात ती भर दुपारी सापडतात. आमच्या प्रयोगशाळेत हे सगळ्यांना पाठ. पण मला रात्री एकटीनं यायची भीती, आणि खरं सांगू? मला ताईच्या रक्ताची काच कोरीच दिसायला हवी होती.

"सुई मला टोचतेय, आणि डोळे तू काय मिटतेस?" ताई हसली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळा थेंब वळवळत होता.

प्रयोगशाळेतल्या आमच्या वरिष्ठ काकांनी बराच वेळ पाहिलं. "गाढ झोपेतलं रक्त आहे. रात्रपाळीचा माणूस का?"

"काका, ताई आहे... ती रात्रभर घरीच झोपते. आणि रक्त घेताना माझ्याशी गप्पा मारत होती..."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "उद्या परत घे," ते हळूच म्हणाले. "तिला बोलती ठेव."

दुसऱ्या दुपारी स्वयंपाकघरात ताईचा डावा हात माझ्या मांडीवर होता. ती शेजारणीच्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगत होती. मी सुई टोचली. तिचा आवाज जराही अडखळला नाही. बोट मात्र हललं. माझ्या तळहातावर, रक्तानं, सावकाश... एकेक अक्षर.

उठव.

"ताई... जागी आहेस ना?"

"अगं, बोलतेय की मी!"

बोटानं माझा अंगठा घट्ट धरला. बुडणारा माणूस धरतो तसा. मी तिला गदागदा हलवलं, हाका मारल्या. ती हसतच राहिली, आणि गोष्ट पुढे सांगू लागली. पण त्या गोष्टीत आता शेजारीण नव्हती.

"...मग त्या धाकटीनं काय केलं, माहितीये? निमूटपणे हात पुसून टाकला."

मी खाली पाहिलं. माझा तळहात स्वच्छ होता. मुठीतला कापूस लाल.