बटाट्याच्या सालींचे आभार

मार्गिटने इमेटला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त कमरेपासून खाली. उरलेला इमेट तिच्या स्वयंपाकघरातल्या सिंकखाली होता; दार बाबांनी उघडलं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभाराच्या सणाच्या, दुपारी प्लंबर मिळणं म्हणजे नशीबच. बटाट्याच्या साली ढकलून तिनेच पाइप तुंबवला होता. बाहेर विस्कॉन्सिनचं बारीक बर्फ भुरभुरत होतं, ओव्हनमधली टर्की तांबूस होऊन बाहेर आली होती, आणि मार्गिटचं सारं लक्ष निवत ठेवलेल्या पातेल्यावर होतं. टर्कीची मान सकाळपासून उकळून तिने रस काढला होता. आईची ग्रेव्ही या रसाची असायची. आई गेल्यावरच्या पहिल्या सणाला मार्गिटने पाकिटातली ग्रेव्ही केली. बाबांनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. तो चमचा वर्षभर तिच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता.

तिने सिंकमध्ये चाळणी ठेवली आणि सवयीने पातेलं तिच्यावर उपडं केलं. हाडं चाळणीत राहिली... रस गेला. आणि खाली पाइप तर काढून ठेवलेला.

"मॅडम," सिंकखालून शांत आवाज आला, "चव छान आहे. मीठ जरा कमी."

मार्गिट सिंकखाली वाकली. ओल्या केसांचा तरुण सरपटत बाहेर आला.

"भाजलं का तुम्हाला?"

"छे, कोमट होता. थोडा बादलीत आहे, पण—"

"नको," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. पाकीट, चमचा, बाबा... सगळं सांगून टाकलं तिने.

इमेट डोकं पुसत ऐकत होता. "टर्की भाजलेला ट्रे धुतला नाहीत ना?"

"नाही."

"बटाटे उकडलेलं पाणी?"

"आहे."

"मग रडता कशाला? माझी आत्या ग्रेव्ही त्यातच करते."

त्याने पाइप बसवला, हात धुतले, ट्रे शेगडीवर ठेवला. चरबीत पीठ पडलं, आणि ढवळायचा चमचा त्याने मार्गिटच्या हाती दिला.

"हात थांबवू नका. गुठळीला निमित्तच हवं असतं."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी बघणार."

"मग ग्रेव्हीकडे बघा."

"हो, हो... तिकडेच."

पीठ बदामी झालं. बटाट्याचं पाणी धारेने पडलं तशी ट्रेची खरवड सुटली आणि घरभर ओळखीचा वास पसरला. इमेट अवजारं आवरू लागला.

"आता कुणाकडे?"

"घरी. सँडविच आहे."

"ते उद्या खा."

टेबलावर बाबांनी कुस्करलेल्या बटाट्यात खळगा केला, ग्रेव्ही ओतली, घास घेतला. मार्गिटची नजर त्यांच्या चमच्यावर होती.

"तुझ्या आईची नाही ही," बाबा म्हणाले. मग त्यांनी पुन्हा ओतून घेतली. "पण भांडं इकडेच राहू दे."

या घरी आभार जेवणानंतर मानायचे. उपाशी माणूस काहीही बोलतो, असं आईचं मत होतं. बाबांनी लेकीचे मानले, आवाज जरा ओला झाला. मार्गिटने भरलेल्या टेबलाचे मानले.

"आणि तू, पोरा?"

"बटाट्याच्या सालींचे," इमेट म्हणाला.

बाबांना काही कळलं नाही. मार्गिटला कळलं, ती ताटात बघत राहिली, पण कान लाल झालेच.

दारात त्याने टोपी घातली. "पाइप पुन्हा तुंबला तर—"

"रविवारी तुंबेल." ती थबकली. "ये... दुपारी."

'या' म्हणायचं राहूनच गेलं. त्यालाही ते ऐकू आलं असावं, कारण पायरीवर बर्फात तो उगाच थांबला.

"येतो," तो म्हणाला. "फक्त ओतण्याआधी हाक मार."