लिंबू निघालेली गाडी

नोव्हेंबरात आमच्या ईरी गावात पाऊस पडत नाही, बोचतो. काठच्या मोठ्या सरोवरावरून तिरपा येतो, अर्धा पाणी, अर्धा बर्फ. अशाच एका सकाळी माझी कोरी करकरीत गाडी बाराव्या रस्त्याच्या चौकात अचानक गप्प झाली. मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि शेजारी आई, डायलिसिसला निघालेली.

“नव्या गाड्या चालतात, असं ऐकलं होतं मी,” आई म्हणाली.

जुनी गाडी दगा देते म्हणून तर ही घेतली होती. मी फोन काढून मदत बोलावली.

बंद गाड्या ओढून नेणारा पिवळा टो ट्रक आला. त्यातून उतरलेल्या उंच माणसाने आधी गाडीकडे पाहिलंच नाही. आईला हात देऊन ट्रकमध्ये बसवलं, मग माझ्याकडे वळला.

“मी एमेट. आणि तुम्ही… भिजताय.”

“कॉरीन. आणि हो, आलंय लक्षात.”

तो हसला. ओल्या पापण्यांनी हसणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

गाडी शोरूममध्ये टाकण्याआधी त्याने आम्हाला दवाखान्यात सोडलं. दोन दिवसांनी शोरूमवाल्यांनी गाडी परत दिली. म्हणाले, काहीच दोष सापडला नाही. आठवड्याने ती पुन्हा बंद पडली. पुन्हा तोच पिवळा ट्रक, पुन्हा तेच उत्तर.

“माझी आठवण आली की गाडी बंद पाडता का?” तिसऱ्या खेपेला एमेटने विचारलं.

“फोन करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.”

“मग नंबर देऊन ठेवतो. निदान गाडीचे हाल तरी वाचतील.”

आई ट्रकमध्ये आमच्या मधे बसून पेपरोनी बॉल, आमच्या गावचे मांस भरलेले पाव, खात होती. “लग्न झालंय का रे तुझं?” तिने सरळ विचारलं.

“झालं होतं, मिसेस नोव्हाक. टिकलं नाही.”

“हिचंही नाही. बघा बाई, दोघं एकाच कारखान्यातून निघालेले.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. काचेवर वाफ धरली होती, कान मात्र तापले होते.

आमच्याकडे अशी खोट असलेली गाडी गळ्यात पडली की लोक म्हणतात, लिंबू निघालं. त्यासाठी कायदाही आहे. नव्या गाडीतला तोच दोष पुन्हा पुन्हा दुरुस्तीला नेऊनही गेला नाही, तर कंपनीने गाडी परत घ्यायची. मी अर्ज केला. शोरूमचा मॅनेजर म्हणाला, “गाडी ठणठणीत आहे. तुम्हाला चालवता येत नाही.”

जानेवारीत गाडी महामार्गावर बंद पडली. बर्फाने रस्ता बंद झाला होता, एमेटचा ट्रकही अडकला. त्या दिवशी आईचं डायलिसिस चुकलं. ती दवाखान्यात दाखल झाली, ती घरी आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंच होतं, त्या एका दिवसाने काही झालं नाही. मी मान हलवली. पण गाडीकडे पाहिलं की मला तिच्या काचेवर दगड मारावासा वाटे.

माझ्या अर्जावरच्या सुनावणीची तारीख आली तेव्हा मी एमेटला म्हणाले, “सोडून देते. आता कुणाला न्यायचंय?”

आम्ही सरोवराकाठी ट्रकमध्ये बसलो होतो. समोर पाणी गोठलेलं, करडं. तो बोटांनी स्टिअरिंग चाचपत होता.

“दुसऱ्या कुणाला विकतील ती. त्याच्याही शेजारी कुणीतरी बसेल ना.” मग हळूच म्हणाला, “मी येतो साक्षीला.”

“वेडा आहेस? तुझं निम्मं काम त्याच शोरूमचं आहे.”

“माहितेय.”

“एमेट…”

“माहितेय म्हटलं ना, कॉरीन.”

तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून, अवघडून बसला. कंपनीच्या वकिलाने विचारलं, “तुम्ही मेकॅनिक आहात?”

“नाही.”

“मग गाडीत दोष आहे, हे कशावरून?”

“दोष कुठला, ते मला ठाऊक नाही. बंद पडलेली ती गाडी दर वेळी मी उचललीय. एकदा तर तुमच्या शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताना.”

खोलीत कुणीतरी हसू दाबलं. वकील चिडला. “या बाईंशी तुमचं काही नातं?”

एमेटने माझ्याकडे पाहिलं. एवढं सरळ त्याने कधीच पाहिलं नव्हतं.

“अजून तरी… नाही,” तो म्हणाला.

निकाल माझ्या बाजूने लागला. मार्चमधल्या एका करड्या सकाळी शोरूमच्या आवारात मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मॅनेजरने मान वर केली नाही. जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही. गाडीतली शेजारची सीट रिकामी होती, तेवढंच डोळ्यांत राहिलं.

एमेट फाटकाबाहेर उभा होता. शोरूमने त्याचं काम काढून घेतलं होतं, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

“सोमवारी क्लीव्हलँडला चाललोय,” तो म्हणाला. “भावाच्या गॅरेजमध्ये. इथे आता कुणी बोलवत नाही.”

“माझ्यामुळे.”

“माझ्यामुळे. मला यायचं होतं, म्हणून आलो साक्षीला.” त्याने बुटाने ओला बर्फ उकरला. “तू बोलावलंस तर दर शनिवारी परत येईन. नाही बोलावलंस तरी… वाट बघेन. हे आधीच सांगायला हवं होतं, पण तुझी आई मधे बसलेली असायची.”

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मी कुणासमोर रडत होते. त्याने माझे डोळे पुसले नाहीत, काही समजावलंही नाही. नुसता जवळ सरकून उभा राहिला, वारा माझ्यापर्यंत पोचणार नाही असा.

“क्लीव्हलँडला बस जाते का रे?” शेवटी मी विचारलं.

“जाते. पण फार रडतखडत.”

“चालेल. पहिल्या शनिवारी तू येऊ नकोस. मी येते. स्टँडवर थांब.”

“आणि वाटेत बंद पडली तर?”

“तर उतरेन,” मी म्हणाले, “आणि चालत येईन.”