उजवीकडे बसणारी कस्तुरी

शनिवारी सकाळी संघमित्रा वासनिकच्या फोनवर एक निनावी मेल येऊन पडला आणि टेक्ससमधल्या शुगर लँडच्या रिट्रीव्हर क्लबच्या वीकेंडचा विचका झाला.

‘नोव्हेंबरच्या टेस्टमध्ये कस्तुरीला चालवणारे कृष्णा देवस्थळी नव्हते. कुत्रे सोडतात त्या लाइनवरच्या माणसाने तिला पाठवताना हळूच “जा बाळा” म्हटलं. देवस्थळींना जज म्हणून बसवू नका.’

संघमित्रा क्लबची सेक्रेटरी. मूळची नागपूरची, नोकरी पाइपलाइनमधली गळती शोधायची, त्यामुळे संशय घेणं अंगवळणी पडलेलं. नियम साधा होता. पाडलेलं बदक शोधून आणणाऱ्या कुत्र्यांची परीक्षा ज्याला घ्यायची, त्याने आधी त्याच पातळीवर स्वतः कुत्रा चालवून पास केलेला हवा. कृष्णाकाका उद्या पहिल्यांदाच जजच्या खुर्चीत बसणार होते. शोभनाकाकू मार्चमध्ये कॅन्सरने गेल्या. तेव्हापासून त्या माणसाकडे ही खुर्ची आणि काळी लॅब्रडॉर कस्तुरी, एवढंच उरलं होतं.

काकांनंतर जजसाठी नंबर अतुलचा होता. तिने त्यालाच आधी फोन लावला.

“मेल तू केलास?”

“मी? यार, सीट हवी होती मला, नाही म्हणत नाही. पण असं पाठीमागून नाही करणार.”

“त्या दिवशी काय दिसलं?”

“पाऊस. आम्ही सगळे लांब, छत्र्यांखाली. लाइनवर एक हूडवाला रेनकोट दिसत होता, बस.”

“काही ऐकू आलं?”

“माझं मला ऐकू येत नव्हतं!”

लाइनजवळ फक्त दोन जज होते, दोघेही अस्सल टेक्ससचे, मराठीचा गंध नसलेले. जजची नजर कुत्र्यावर असते, हूडमधल्या चेहऱ्यावर नाही. एकाला मात्र आठवलं, की कुत्री हँडलरच्या उजवीकडे बसली होती.

दुपारी ती काकांकडे गेली. ते बिस्किटांचा पुडा कात्रीने कापायला बघत होते, पण कात्री चालेना. “शोभनाची आहे,” ते ओशाळून म्हणाले. “माझ्या हाताला वळतच नाही.” शेवटी त्यांनी पुडा दातांनी फाडला.

“काका, रिकामी बंदूक घ्या. कस्तुरीला बोलवा. टेस्टला करतो तसं.”

अंगणात त्यांनी बंदूक उजव्या खांद्याला लावली. कस्तुरी धावत आली आणि उजवीकडे, नेमकी बंदुकीखाली बसली. त्यांनी तिला डावीकडे ढकललं. ती मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे आली.

“राहू द्या, काका,” संघमित्रा म्हणाली. तिला पुढचं बोलायचंच नव्हतं. “बंदूक उजव्या खांद्यावर असेल तर कुत्रा डावीकडे बसवतात. हिला डावखुऱ्या माणसाने शिकवलंय. ती कात्रीही डावखुऱ्यांचीच. नोव्हेंबरमध्ये लाइनवर तेच माणूस होतं. काकू होत्या.”

काकांनी बंदूक खाली ठेवली.

“आणि ‘जा बाळा’ हे लाइनजवळच्या जजना कळलं नसतं, लांबच्यांना ऐकू आलं नसतं. ते काकूंना माहीत, किंवा त्यांनी घरी येऊन ज्यांना सांगितलं त्यांना. मेल तुम्हीच केलात.”

काका तिथेच पायरीवर बसले.

“मी दोनदा फेल झालो होतो. माझे हात थरथरायचे. ती म्हणाली, ‘दे तो रेनकोट इकडे. मी गेल्यावर तू रविवारी घरात कोंडून घेशील, जज झालास तर निदान चार माणसांत बसशील.’ पुढच्या आठवड्यात तिची किमो होती गं.”

“मग आता का?”

“उद्या कुणीतरी चुकेल आणि मला त्याला बाहेर काढावं लागेल. कुठल्या तोंडाने? पण शोभनाने लबाडी केली, हे माझ्या तोंडाने सगळ्यांसमोर म्हणवेना.”

“तुमची सीट जाईल, काका.”

“जाऊ दे.”

“पण कस्तुरी खरीच पास झाली होती. हँडलर म्हणून काकूंचं नाव लावायला मी कमिटीला सांगते.”

काकांनी मान वर केली. “म्हणजे ती जज होऊ शकली असती?”

“हो. जजसाठीचा सेमिनार, लेखी परीक्षा, सगळं त्यांनी सहज केलं असतं.”

“मला कधी तिला विचारायचं सुचलंच नाही,” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. संघमित्रालाही रडू आवरेना.

कस्तुरी उठून त्यांच्या उजवीकडे येऊन बसली. पण बघत होती ती घराच्या दाराकडे.

“नाही येणार गं ती,” काका म्हणाले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.